भिंतीवर कोण बोलते आहे?

गेल्या अंकातील भिंतीचित्रांवरच्या लेखानंतर जी पत्रे आली, त्यांत चित्रांपेक्षा अक्षरांविषयीची विचारणा अधिक आहे. त्यातील चार पत्रांना येथे उत्तरे देत आहे. दोन पत्रे जागेअभावी थोडी आखूड केली आहेत.

प्रश्न : मुंबईतील एका कलादालनात मी असे प्रदर्शन पाहिले, ज्यात भिंतींवर केवळ वाक्ये होती आणि तीही साध्या छापील अक्षरांत. शेजारचे एक गृहस्थ ‘हे तर मीही लिहिले असते’ असे म्हणाले आणि खरे सांगायचे तर मलाही ते पटले. चित्रकाराला चित्र सोडून मजकूर लिहावासा का वाटतो? आणि मजकूरच लिहायचा, तर मग त्याला लेखक का म्हणू नये? (एक विद्यार्थिनी, कळवा)

उत्तर : आपला प्रश्न दालनातला आहे, तो आधी रस्त्यावर आणू. ठाणे स्थानकाच्या पश्चिमेला उतरून तलावपाळीपर्यंत चालत जा आणि वाटेत आपल्याशी किती जण लेखी बोलतात, याची एकदा मोजदाद करा. रेल्वे म्हणते, रूळ ओलांडू नका. महापालिका म्हणते, ओला आणि सुका कचरा वेगळा ठेवा. दुकानदार सेल लागल्याचे सांगतो, क्लासवाला गेल्या वर्षीच्या टक्क्यांची यादी लावतो, आणि चौकात कुणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स असतो, ज्याच्या तळाशी शुभेच्छुकांचे वीस-पंचवीस चेहरे दाटीवाटीने बसवलेले असतात. यांतले एकही वाक्य आपण धड वाचलेले नसते, तरीही प्रत्येक वाक्य कोणाचे, हे आपल्याला अचूक ठाऊक असते. पिवळ्यावर काळी अक्षरे दिसली की ते स्थानकाचे नाव. अक्षरांना सोनेरी कड आणि मागे सावली असली की कुणीतरी पुढारी. मजकूर वाचण्याआधी आपण त्याचा वेश वाचतो आणि वेशावरूनच त्याचे किती ऐकायचे, हे ठरवून मोकळे होतो.

चित्रकार मजकुराकडे वळतो तो बहुतेक वेळा या वेशासाठी. अमेरिकेतील जेनी होल्झर यांनी १९७७ ते १९७९ या काळात न्यूयॉर्कच्या भिंतींवर साधे छापील कागद चिकटवले. त्यांवर एकेका ओळीची, सुभाषितांसारखी ठाम विधाने वर्णक्रमाने मांडलेली होती आणि खाली नाव नव्हते. गंमत अशी की, ही विधाने एकमेकांना छेद देत. एका ओळीला मान डोलवावी, तर पुढची ओळ नेमके उलट सांगे. हे कोण म्हणते आहे, हे कळायला मार्ग नसल्यामुळे वाचणाऱ्याला आपले मत स्वतःच ठरवावे लागे, आणि काहींनी तर त्या कागदांवरच शब्द खोडून आपली दुरुस्ती केली. पुढे १९८२ मध्ये होल्झर यांना टाइम्स स्क्वेअरमधील जाहिरातींचा दिव्यांचा फलक मिळाला. त्या चौकात नंतर झळकलेले त्यांचे एक वाक्य फार गाजले. त्याचा अर्थ असा, की मला जे हवे आहे त्यापासून मला वाचवा. हेच वाक्य एखाद्या कवितासंग्रहात आले असते, तर आपण ते वाचून पान उलटले असते. पण आपल्याला काय हवे असावे हे रात्रंदिवस शिकवण्यासाठी जो फलक उभारला आहे, त्यानेच ते म्हणावे, यात त्या वाक्याचा सगळा जीव आहे.

बार्बरा क्रूगर यांचेही असेच. त्या आधी मासिकांच्या सजावटीचे काम करीत. कृष्णधवल छायाचित्र, त्यावर लाल पट्टी आणि तीत जाड पांढरी अक्षरे, हा जाहिरातीचा पेहराव त्यांच्या हाताला आधीच बसलेला होता. त्यात त्यांनी ‘तू’, ‘मी’, ‘आम्ही’ अशी सर्वनामे भरली आणि जाहिरात ज्या जवळिकीने गिऱ्हाइकाशी बोलते, त्या जवळिकीने सत्तेविषयी आणि स्त्रीच्या देहाविषयी बोलायला सुरुवात केली. गेरिला गर्ल्स हा स्त्री कलावंतांचा गट तर चेहऱ्यावर गोरिलाचे मुखवटे घालूनच वावरला. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातील आधुनिक कलेच्या विभागात स्त्री कलावंत पाच टक्क्यांहूनही कमी आहेत आणि नग्नचित्रांपैकी ८५ टक्के मात्र स्त्रियांची आहेत, हा हिशेब त्यांनी १९८९ मध्ये पोस्टरवर मांडला आणि ते पोस्टर शहरातील बसगाड्यांवर फिरवले. हा हिशेब एखाद्या अहवालात छापून आला असता, तर अहवालाबरोबर कपाटात गेला असता.

आपल्याकडचे उदाहरण हवे असेल, तर मुंबईचे जितिश कल्लाट आहेत. त्यांच्या तीन कामांच्या मालिकेचे नावच मुळी ‘पब्लिक नोटिस’ म्हणजे जाहीर सूचना असे आहे. २००३ च्या पहिल्या कामात नेहरूंचे १४ ऑगस्ट १९४७ च्या मध्यरात्रीचे भाषण आहे. त्याची अक्षरे आरशासारख्या पृष्ठभागावर चिकट रबरी द्रव्याने लिहून पेटवली आहेत, त्यामुळे जळक्या शब्दांमधून आपला स्वतःचा वेडावाकडा चेहरा दिसतो. २००७ च्या दुसऱ्या कामात गांधींनी दांडीयात्रेच्या आदल्या दिवशी केलेले भाषण हाडांच्या आकाराच्या ४,४७९ अक्षरांत, हळदीच्या पिवळ्या पार्श्वभूमीवर ओळीने मांडले आहे. २०१० चे तिसरे काम शिकागोच्या कला संग्रहालयातले. विवेकानंदांनी ११ सप्टेंबर १८९३ रोजी ज्या वास्तूत सर्वधर्म परिषदेपुढे भाषण केले, त्याच वास्तूच्या भव्य जिन्याच्या ११८ पायऱ्यांवर ते भाषण दिव्यांच्या अक्षरांत उजळले होते, आणि दिव्यांचे पाच रंग अमेरिकी सरकारच्या दहशतवादी धोक्याच्या पाच इशाऱ्यांवरून घेतले होते. भाषणाचा एक शब्दही कल्लाट यांचा नाही. पण ते वाचायचे तर जिना चढावा लागतो, एकेक पायरी, मान खाली घालून.

तेव्हा लेखक का नाही, याचे माझे उत्तर असे : लेखकाचे वाक्य कोणत्याही कागदावर तेच राहते, या कलावंतांचे वाक्य जागेवरून हलवले की वेगळे होते किंवा विझून जाते. त्या गृहस्थांनाही ते वाक्य लिहिता आले असते, हे मी मान्य करतो. ते कुठे लावायचे आणि कोणाच्या आवाजात, हे त्यांना सुचले असते का, एवढेच विचारायचे राहते. शिवाय, रस्त्यासाठी घडवलेले वाक्य दालनात आणून टांगले की त्याचा अर्धा दम जातो. आपल्या कंटाळ्यामागे कदाचित तेवढेच कारण असेल.

माझी स्वतःची फजितीही सांगून टाकतो. बऱ्याच वर्षांपूर्वी नौपाड्यात एका परिचिताच्या भिंतीवर मी हौसेने एक ओळ रंगवली होती. अक्षरे देखणी व्हावीत म्हणून ती भगव्या रंगात, जाड आणि सावली देऊन काढली. तिसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या चहावाल्याने अगदी गंभीरपणे विचारले, ‘‘साहेब, उमेदवार कोण आहे?’’ ओळ बऱ्यापैकी होती. कपडे दुसऱ्याचे चढवले होते.

प्रश्न : आमच्या सोसायटीची रस्त्याकडची संरक्षक भिंत सुमारे शंभर फूट लांब आणि पाच फूट उंच आहे. ‘येथे कचरा टाकू नये’ असे चार ठिकाणी लिहूनही कचरा पडतोच. त्याऐवजी एखाद्या मराठी कवितेच्या ओळी रंगवाव्यात, असे काही सभासदांचे म्हणणे आहे. अक्षरे केवढी असावीत, मजकूर किती असावा, परवानगी कोणाची लागते? (गृहनिर्माण संस्थेचे सचिव, नेरूळ)

उत्तर : हे पत्र वाचून मला मनापासून आनंद झाला, कारण पालिकेने आधीच चित्रे काढून दिलेल्या शहरात स्वतःची भिंत स्वतः बोलती करावी, असे क्वचितच कुणाला वाटते.

आधी वाचणारा कोण, ते ठरवा. ताशी चाळीस किलोमीटर वेगाने जाणारे वाहन सेकंदाला अकरा मीटर पुढे सरकते. भिंत चाळीस मीटरवरून दिसू लागली, तर वाचायला जेमतेम साडेतीन सेकंद मिळतात, आणि वाहन चालवणाऱ्याने सगळा वेळ भिंतीकडे पाहावे, अशी आपली इच्छा नसावी. म्हणजे पाच-सहा शब्द, त्याहून अधिक नाही. अक्षरांच्या उंचीचा फलक रंगवणाऱ्यांचा ढोबळ हिशेब असा, की दर दहा फूट अंतराला एक इंच. चाळीस मीटर म्हणजे साधारण १३० फूट, म्हणून तेरा इंच. मात्र हा हिशेब रोमन अक्षरांचा आहे. देवनागरीत शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार आणि खाली उकार, ऋकार यांचा संसार असतो, म्हणून तेरा इंच हे शिरोरेषेखालच्या अक्षराचे माप धरावे आणि वर-खाली मिळून आणखी तेवढीच जागा सोडावी. तळाचा दीड फूट कोरा सोडायचा असल्यामुळे पाच फुटांच्या भिंतीत अशी एकच ओळ मावेल. दोन ओळी बसवण्याचा मोह झाला, तर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांत अडकतील.

दुसरा वाचक म्हणजे पायी जाणारा. तो आपला खरा वाचक आहे. भाजी घेऊन परतणारी बाई, शाळेच्या बसची वाट पाहणारे मूल, रिक्षा थांबवून उभा असलेला चालक. त्यांच्यासाठी प्रवेशद्वाराजवळ डोळ्यांच्या उंचीवर दीड-दोन इंची अक्षरांत कवितेचा उरलेला भाग आणि कवीचे नाव द्यावे. मोठी ओळ लांबून बोलावते, लहान अक्षरे जवळ थांबवतात. पायी माणूस भिंतीला समांतर चालतो, त्यामुळे त्याला मोठी अक्षरे तिरकी आणि आखडलेली दिसतात. म्हणून ती अंमळ रुंद काढावीत आणि दोन शब्दांमधील अंतर कागदावर वाटते त्याहून सढळ ठेवावे.

भिंतीला ठरावीक अंतरावर खांब असतील, तर त्यांची मापे आधी घ्या. शब्द खांबावर तुटू देऊ नका, आणि जोडाक्षर तर मुळीच नाही. तळाचा दीड फूट कोरा सोडायचा तो पावसाळ्यात तिथे चिखल उडणार म्हणून. नेरूळची हवा खाडीची आहे. भिंतीत ओल असताना ऑइल पेंट दिला, तर आतली वाफ कोंडून पापुद्रे निघतात. पावसाळा सरल्यावर भिंत चांगली वाळू द्यावी, ओल कुठून येते ते पाहून गिलावा दुरुस्त करावा आणि मग बाहेरच्या भिंतींसाठीचा पाण्यात कालवायचा रंग वापरावा.

शक्य असेल, तर हाताने अक्षरे काढणारा पेंटर शोधा. फ्लेक्सच्या छपाईने त्यांची कामे घटवली, तरी ठाणे-बेलापूर पट्ट्यात ट्रक आणि दुकानांच्या शटरवर अक्षरे काढणारे हात अजून आहेत. एकदा उभे राहून पाहाच. रंगात भिजवलेली दोरी दोघे जण दोन टोकांना ताणून धरतात, एक जण ती मध्ये चिमटीत ओढून सोडतो आणि ‘टप्’ असा आवाज होऊन भिंतीवर सरळ रेघ उमटते. ती शिरोरेषेची जागा. मग खडूने अक्षरांचे सांगाडे, मग चपट्या ब्रशने उभे दंड, आणि मात्रा सर्वांत शेवटी, मनगट भिंतीला न टेकवता. संगणकावरून घेतलेली अक्षरे प्रत्येक भिंतीवर तीच असतात. र. कृ. जोशी यांनी विंडोजसाठी ‘मंगल’ फाँट घडवून देवनागरीवर मोठे उपकार केले, पण तो पडद्यावर वाचण्यासाठी आहे. कंपाऊंडच्या भिंतीवर ‘मंगल’ पाहिला, की मला तहसील कार्यालयाचे पत्र आल्यासारखे वाटते. कमल शेडगे यांनी नाटकांच्या जाहिरातींसाठी काढलेली नावे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना अक्षर स्वतः अभिनय करू शकते हे वेगळे सांगायला नको. अच्युत पालव यांनी मोडीच्या वळणांतून सुलेखन कुठवर नेले, हेही आपल्या सभासदांना दाखवा. त्यांना २०२५ मध्ये पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा सुलेखनाला उशिरा का होईना, दाद मिळाली.

परवानगीचे म्हणाल, तर सर्वसाधारण सभेचा ठराव करा आणि भिंत रस्त्याकडे तोंड करून असल्यामुळे महापालिकेच्या विभाग कार्यालयाला लेखी कळवून त्यांचे उत्तर घ्या. मालमत्तेच्या विद्रूपणास प्रतिबंध करणारा राज्याचा कायदा १९९५ पासून लागू आहे. आपला हेतू कितीही चांगला असला, तरी कागद हाती असलेला बरा. दुसरी परवानगी कवीची, आणि तिचा सोसायट्यांना हमखास विसर पडतो. आपल्याकडे साहित्यावरील स्वामित्व हक्क लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षे टिकतो. संतांचे अभंग, बालकवी (निधन १९१८), बहिणाबाई चौधरी (१९५१), बा. सी. मर्ढेकर (१९५६) यांच्या ओळी आता कुणालाही वापरता येतील. कुसुमाग्रजांचे निधन १९९९ चे, त्यामुळे त्यांच्या कवितेसाठी हक्कधारकांना विचारावे लागेल. नवोदित कवीची ओळ घेत असाल, तर विचाराच, आणि दोन पैसेही द्या.

कचरा थांबेल का? खात्री देता येणार नाही. सूचनेचा ठसका असा, की तिच्यातले ‘नये’ कुणी पुसले की तिचे निमंत्रण होते, आणि ते पुसायला नेहमी कोणीतरी तयार असतो. कवितेच्या ओळीला हुकूम सोडायचा नसतो, म्हणून तिच्याशी हुज्जत घालण्याची खुमखुमीही कमी येते. पण कवितेच्या शेवटी ‘म्हणून स्वच्छता राखा – आदेशावरून’ अशी पुस्ती जोडलीत, तर पैसे वाया गेले, असे समजा.

प्रश्न : रस्त्यावरून जाणाऱ्या कित्येकांना वाचता येत नाही, ज्यांना येते, त्यांतही सर्वांना मराठी येत नाही. मग मजकुराची सार्वजनिक कला ही शिकलेल्यांनी शिकलेल्यांसाठी मांडलेली हौसच नव्हे का? (निवृत्त परिचारिका, ऐरोली)

उत्तर : आक्षेप रास्त आहे, आणि जुनाही. आपल्याच परिसरातील दोन उदाहरणे देतो. सोपाऱ्याला १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजी यांना अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. पुढे तेथेच नवव्याचाही मिळाला. ज्या काळात वाचणारे मोजकेच होते, त्या काळात राजाने दगडावर मजकूर का कोरावा? कलिंगातील त्याच्या लेखांत याचे उत्तर आहे : ठरावीक तिथींना लेख लोकांना ऐकवावा, अशी आज्ञा त्यातच कोरली आहे. लेख हा वाचून दाखवण्यासाठी होता.

दुसरे उदाहरण शिलाहार राजांच्या काळापासून उत्तर कोकणात उभ्या असलेल्या गद्धेगळांचे, म्हणजे दान मोडणाऱ्याला शाप देणाऱ्या दगडांचे. वर चंद्र-सूर्य, मध्ये दानाचा मजकूर आणि खाली गाढवाचे ते शिवीचे चित्र, जे येथे लिहिणे संपादकांना रुचणार नाही. अक्षर न कळणाऱ्यालाही खालच्या चित्रावरून, दिलेले दान मोडणाऱ्याची गत काय, ते नेमके समजे. मजकूर आणि चित्र यांनी वाचकांची आपापसात वाटणी करून घेतली होती. आजच्या काळात शिल्पा गुप्ता यांच्या एका प्रकाशशिल्पात ‘मीही तुझ्याच आभाळाखाली राहतो’ अशा अर्थाची ओळ इंग्रजी, हिंदी आणि उर्दूत उजळते. त्यांचे आणखी एक काम तर वाचण्याइतकेच ऐकण्याचे आहे : लिहिण्याबोलण्यासाठी तुरुंगवास भोगलेल्या शंभर कवींच्या ओळींचे कागद टोकदार सळयांत खोचलेले, आणि वर टांगलेल्या शंभर मायक्रोफोनमधून त्या ओळी ऐकू येतात. तेव्हा आपल्या आक्षेपाला उत्तर आहे, परंतु ते आमच्यातल्या थोड्यांनीच शोधले आहे. ठाण्यातल्या आणि नवी मुंबईतल्या बहुतेक भिंतींना आपला आक्षेप तसाच्या तसा लागू पडतो, हेही कबूल.

प्रश्न : आमच्या चौकात काळा फळा आहे. मी गेली अकरा वर्षे रोज सकाळी त्यावर खडूने एक ओळ लिहितो. हल्ली खाली मुले काहीबाही लिहून ठेवतात. पुसावे की ठेवावे? (निवृत्त शिक्षक, चरई, ठाणे)

उत्तर : ठेवावे. लंडनमध्ये १९९२-९३ च्या सुमारास गिलियन वेअरिंग रस्त्यावरच्या अनोळखी माणसांना कोरा कागद देत आणि मनात असेल ते लिहून तो छातीशी धरायला सांगत, मग त्यांचे छायाचित्र काढत. सुटाबुटातल्या एका हसऱ्या तरुणाने लिहिले, ‘मी हताश आहे’. त्याच्या टापटिपीवरून कुणालाही तसे वाटले नसते. न्यू ऑर्लिन्समध्ये २०११ साली कँडी चँग यांनी एका ओसाड घराच्या भिंतीला फळ्याचा काळा रंग दिला आणि ‘मरण्याआधी मला...’ अशा अर्थाचे अपुरे वाक्य ओळीने लिहून पुढे जागा सोडली. ती भिंत लगेच भरली, आणि पुढे कित्येक देशांत तशा भिंती झाल्या. आपल्याकडे फळा आहे, खडू आहे आणि लिहिणारी मुलेही आलेली आहेत. सुविचाराला पूर्णविराम असतो. त्यापुढे मुलांनी काय लिहावे? आठवड्यातून एक दिवस, सोयीचा कुठलाही, आपण अर्धेच वाक्य लिहून घरी जा, आणि खडूचे दोन तुकडे फळ्याच्या कडेवर विसरल्यासारखे ठेवा. शिव्या आल्या, तर त्या तेवढ्या पुसा. शुद्धलेखन मात्र निदान संध्याकाळपर्यंत दुरुस्त करू नका. अकरा वर्षे शिक्षकाच्या फळ्यावर लिहिणाऱ्या आपल्याला हे जड जाणार, याची मला कल्पना आहे.